मागून दुसरा सिलिंडर

स्पार्क प्लग उडाला तो भर चौकात. सिग्नल सुटला, मी क्लच सोडला आणि बॉनेटखाली कुणी हातोडा घालावा तसा आवाज झाला. मग नुसतं फट् फट् फट्. मागे एका शिक्षिकेचं अख्खं बिऱ्हाड लादलेलं होतं, त्यात कपाट, गाद्या, पाय वर करून बांधलेली शिलाई मशीन. शेजारच्या सीटवर आमची टकळी. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण हे तिनं तीन वर्षांची व्हायच्या आत स्वतः कमावलं होतं. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिच्या तोंडाला विसावा नसे.

"आई, ट्रकला शिंक आली," ती म्हणाली.

बिऱ्हाड दुसऱ्याच्या गाडीनं पुढे गेलं आणि आमचा ट्रक लंगडत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आला.

ट्रक माझ्या वडिलांचा. मी गाडी शिकले ती यावरच, आणि लग्नानंतर मी आणि नवरा याच ट्रकवर लोकांची बिऱ्हाडं हलवायचो. एका रांगेत सहा सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन, वर ॲल्युमिनियमचं हेड. लोखंडाचा प्लग मऊ ॲल्युमिनियमच्या आट्यांत वर्षानुवर्षं घालायचा-काढायचा म्हटल्यावर कधीतरी आटे जाणारच. मी रसायनशास्त्र शिकलेय. दोन धातू शेजारी राहून एकमेकांचं काय करतात हे मला कुणी समजावायला नको. आटे गेले, म्हणून प्लग उडाला. यात काही गूढ नव्हतं.

घरात मात्र सगळ्यांचं एकमत झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, दुसऱ्यांची घरं हलवता हलवता ही गाडी आता स्वतःच हलेना, द्या भंगारात. नवऱ्यानं दुसऱ्या मालकाच्या गाडीवर काम धरलं. तो फक्त रविवारी घरी यायचा, आणि फोनवर रोज तेच विचारायचा, की ठरलं का. मी म्हणायचे, ठरलंय, दुरुस्त करतेय. दोघांनाही ते उत्तर वाटत नसे.

मिस्त्री आला तो बोलतच आला. ढेरपोट्या, मिश्कील माणूस. नट सैल करतानासुद्धा त्याच्याशी गप्पा मारणारा. खराब झालेलं भोक मागून दुसऱ्या सिलिंडरचं होतं. कॅबिनच्या भिंतीखाली, हात वाकडा केल्याशिवाय पोचायचं नाही असं. त्यानं छोटा आरसा आणि टॉर्च लावून आत पाहिलं आणि पहिल्यांदाच गप्प झाला.

"प्लग घाईत वाकडा बसवला, तर आटे तोंडाशी जातात," तो म्हणाला. "इथं तोंडाचे वेढे नवेकोरे आहेत, वहिनी. झिजलेत ते खालचे."

मी म्हटलं, कधीतरी आखूड प्लग बसवला असेल. खालच्या वेढ्यांवर कार्बन धरला असेल.

"कार्बननं वेढे भरतात. असे गुळगुळीत होत नाहीत." त्यानं आरसा पुसला. "हे म्हणजे आतून कुणी घाल-काढ करत होतं."

आणि स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. मी हसले नाही, पण ते माझ्या स्वभावामुळे. टकळी जन्मल्यापासून मी विनोद ऐकतानाही एक कान तिच्याकडे ठेवते.

व्हॉल्व्ह गळतोय का ते ऐकायची त्याची एक पद्धत होती. पिस्टन वर आणायचा, रबरी नळीचं एक टोक प्लगच्या भोकात आणि दुसरं कानाला लावायचं. टकळीला ती नळी हवीच होती. त्यानं तिला उलट्या खोक्यावर उभं केलं आणि टोक तिच्या हातात दिलं. घे, फोन आहे, हॅलो म्हण, म्हणाला. ती हॅलो म्हणाली. मग नळी कानाला लावून ऐकत राहिली, पुन्हा तोंडाशी नेऊन काहीतरी बोलली. मिस्त्रीनं विचारलं, काय गं, कोण बोलतंय? तिनं त्याच्याकडे न बघता हात हलवून त्याला गप्प केलं. फोन चालू असताना मी तिला गप्प करते, अगदी तसंच.

नवे आटे पाडायचा त्या मापाचा टॅप आणि त्यांत बसवायची आट्यांची बुश आता सहज मिळत नाही, शोधावी लागेल, असं सांगून तो गेला. जाताना बजावून गेला की तोवर भोकात बोळा राहू द्या, आत काही पडलं तर हेड उतरवावं लागेल. मी टकळीच्या जुन्या दुपट्याचा तुकडा कोंबला. नळी तिथंच राहिली.

पुढचे दिवस मी शेडमध्ये काढले. बाकीचे प्लग घासले, वायरी पुसल्या, डिस्ट्रिब्युटरची टोपी साफ केली. टकळी खोक्यावर उभी राहून नळीत बोलायची. बोळा काढायची, नळी घालायची, खेळ झाला की बोळा परत लावायची. मी बॅटरीची तार काढून ठेवली होती, पेट्रोलचा कॉक बंद केला होता, धारेच्या वस्तू वरच्या फळीवर टाकल्या होत्या. बोट चेमटेल, काही गिळेल, डोळ्यांत ग्रीस जाईल, प्रत्येक धोक्याचा मी विचार केला होता. पोरीनं रबरी नळीत बोलणं हा धोका आहे हे मात्र कुठल्या आईच्या डोक्यात येईल?

एका सकाळी भोकात बोळा नव्हता.

टकळीनं आत ढकलला असणार. मी तारेला आकडा केला आणि आत सोडली. पिस्टन वर होता. मिस्त्रीनं मुद्दाम तसा ठेवला होता. तार बोटभर जाऊन अडायला हवी होती. ती गेली. मनगटापासून कोपरापर्यंत गेली, आणि त्याहून पुढे. आत वेटोळी होत असेल, मी स्वतःला सांगितलं. पण वेटोळी होणारी तार हाताला तशी कळते. ही सरळ जात होती.

शेवटी आकडा कशात तरी अडकला. मी हळूहळू ओढलं. दुपट्याचा तुकडा बाहेर आला. त्यावर तेलाचा डाग नव्हता, काजळी नव्हती.

त्याची घडी घातलेली होती. कडेला कड जुळवून, चौपदरी.

 मी ती उलगडली, झटकली आणि बोळा करून पुन्हा भोकात कोंबला, पहिल्यापेक्षा घट्ट.

टकळी गप्प होतेय हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांना कमी ऐकू येतं. जेवताना त्या म्हणाल्या, आज घर कसं रिकामं वाटतंय गं? मी पाहिलं, तर पोरगी घासागणिक बोलत होती, पण आवाज भिंतीपलीकडून यावा तसा. दुसऱ्या दिवशी तो आणखी बारीक झाला. मग नुसते ओठ हलू लागले. ताप नाही, खोकला नाही. खेळत होती, खात होती. बोलत होती आणि ऐकू येत नव्हतं.

डॉक्टरांनी घशात उजेड टाकून पाहिलं, कान पाहिले, गळा चाचपला. सगळं व्यवस्थित आहे म्हणाले, मुलं कधीकधी अशी हट्टानं गप्प बसतात. घरात काही ताण आहे का, त्यांनी विचारलं. ट्रक बिघडलाय, मी म्हटलं. ते समजूतदारपणे हसले आणि त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

मी शेडला कुलूप लावलं. नळी गुंडाळून कपाटावर टाकली. टकळी शेडच्या दाराशी जाऊन बसायची, फटीला तोंड लावून. उचलून आणलं की रडायची, तेही बिनआवाजाचं. तसं रडणं ज्यानं पाहिलं नसेल त्याला मी सांगू शकत नाही.

नवऱ्यानं फोनवर तिच्याशी बोलायला मागितलं. मी फोन तिच्या कानाला लावला. पलीकडे तो बराच वेळ तिचा श्वास ऐकत राहिला. मग म्हणाला, रविवारी भंगारवाल्याला घेऊनच येतो. त्या शेडमध्ये तुझं लक्ष गुंतलं म्हणून पोरगी अशी झाली.

मी वाद घातला नाही. रविवार अजून लांब होता.

मिस्त्री आला तेव्हा ऊन पत्र्यावर तापलं होतं. टॅप आणि बुश तेलकट फडक्यात गुंडाळून आणली होती, आणि ती कुणाच्या माळ्यावर सापडली याचा किस्साही. मी शेड उघडली, नळी आणून दिली. त्यानं बोळा काढला, सवयीनं नळी आत घातली, टोक कानाला लावलं. किस्सा तोंडातच राहिला.

"वहिनी, टकळी कुठाय?"

"आत. आजीजवळ झोपलीय."

त्यानं नळी माझ्या हातात दिली आणि बाहीनं कान पुसला.

आधी नुसती घरघर. मग माझ्या मुलीचा आवाज. खणखणीत, नेहमीचा, शब्दाच्या शेवटी वर जाणारा.

"नाही, मागच्या दाराला कडी लागत नाही."

मग शांतता. कुणी प्रश्न विचारावा इतकी.

"आजीला कमी ऐकू येतं."

पुन्हा शांतता.

"बाबा रविवारी." मग ती खुदकन हसली. "आई? आई झोपतच नाही."

 मी नळी तोंडाशी धरली.

"तिला विचारू नकोस," मी म्हटलं. "मला विचार."

मी नळी कानाला लावली. काहीच नव्हतं. मग टकळीचा आवाज आला, दबका. खोलीतल्या दुसऱ्या माणसाला सांगावं तसा.

"आई आलीय."

मी नळी उपसली. मिस्त्री तोवर शेडच्या दाराबाहेर उभा होता. तो म्हणाला, बोळा ठोकून बसवा आणि आजच्या आज भंगारवाल्याला बोलवा. भट्टीत गेलं की संपलं सगळं.

"तिच्या आवाजासकट?" मी विचारलं.

 मी त्याला सामान ठेवून जायला सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, हे बाईमाणसाचं... आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबला. काम कसं करायचं ते त्यानं दारातूनच सांगितलं. आत एक पाऊल टाकलं नाही.

तो गेल्यावर मी विचार केला. शिकलेल्या माणसाला भीती वाटते तेव्हाही तो विचारच करतो, त्याला दुसरं काही येत नाही. भोक उघडं असेल तर जे आत आहे ते त्या भोकातून फक्त ये-जा करणार. पण प्लग बसला, इंजिन फिरलं, तर सिलिंडरला स्वतःचं काम करावंच लागतं. आत घ्यायचं, दाबायचं, पेटवायचं, बाहेर फेकायचं. आतलं सगळं सायलेन्सरमधून बाहेर. इंजिनात काहीही घर करू शकत नाही, फक्त ते चालू हवं. ज्याला कुणाला तिथं राहायचं होतं, त्याला उघडं भोक आणि बंद इंजिन हवं होतं. म्हणून तर तो प्लग आतून फिरवत होता.

माझ्या मुलीचा आवाज त्याच वाटेनं बाहेर येणार होता. दुसरी वाट मला दिसत नव्हती, आणि भट्टी ही वाट नव्हे.

टॅप म्हणजे अंगावर धारदार आटे आणि उभ्या खाचा असलेली पोलादी कांडी. खाचांत ग्रीस भरायचं, म्हणजे कापलेला चुरा आत न पडता ग्रीसला चिकटतो. दांडा लावायचा, जरा पुढे, जरा मागे. मग काढायचा, पुसायचा, पुन्हा ग्रीस भरायचं. सरळ धरायचा. वाकडा गेला तर हेड फुकट.

मी कॅबिनच्या भिंतीखाली हात घातला आणि सुरुवात केली. ॲल्युमिनियम करकरत कापलं जाऊ लागलं. पहिल्या खेपेला चकचकीत चुरा आला, हवा तसा.

दुसऱ्या खेपेला टॅप काढला तर खाचा स्वच्छ होत्या. चुरा नव्हता. ग्रीसही नव्हतं. कुणी फडक्यानं पुसून ठेवाव्यात तशा.

मी पुन्हा ग्रीस भरलं.

तिसऱ्या खेपेला दांडा हलका लागू लागला. लोण्यात फिरावा तसा. मी थांबले. दांडा थांबला नाही.

तो आतल्या बाजूला फिरत होता. सावकाश, न अडखळता. त्यात जोर फार नव्हता, सराव होता. हे काम पुष्कळदा केलेल्या हाताचा सराव.

मी दोन्ही हातांनी दांडा पकडला. तळहाताची साल गेली. पाय पुढच्या चाकाला टेकवले.

"माझं इंजिन आहे," मी म्हटलं. आवाज न चढवता. पोर झोपली होती. "आटे मी पाडणार."

आणि उलटं फिरवलं. वेढ्याला वेढा सोडवत, माझ्याकडे.

टॅप बाहेर आला तेव्हा भोकातून गार वाऱ्याचा एक झोत माझ्या मनगटावर आला आणि आत ओढला गेला. पुन्हा आला. पुन्हा आत.

मी त्यावर बुश धरली. बाहेरच्या अंगाला आटे, आतल्या अंगाला आटे, अंगठीसारखी. घट्ट धरणारं द्रावण लावलं आणि ती नव्या आट्यांत बसवली. ती बसली. हेडच्या पृष्ठभागावर बोट फिरवलं, तर कड लागेना.

उरलासुरला चुरा उडवायला इंजिन एकदा उघड्या भोकानं फिरवावं लागतं. मी बॅटरीची तार जोडली, कॅबिनमध्ये चढले, स्टार्टर मारला. भोकातून फक् फक् हवा येऊ लागली. तीत एक शब्द होता, तुकडे झालेला.

आ. ई. आ. ई.

मी उतरले. 

प्लग आधी बोटांनी फिरवला. अलगद गेला, एकेक वेढा, कुठं अडला नाही. मग पाना लावला. शेवटचा पीळ दिला. पाना काढताना प्लगवर आतून टकटक झाली. दोनदा. दार उघडं नाही असं पाहिल्यावर आपण जशी करतो तशी, सभ्य.

मी वायर बसवली. पेट्रोलचा कॉक उघडला.

चावी फिरवली.

इंजिन खाकरलं, थरथरलं आणि सहाही सिलिंडरवर चालू लागलं. सायलेन्सरनं काळ्या धुराचा एक लोळ टाकला. मी ॲक्सिलरेटर दाबून ठेवला. धूर करडा झाला, मग पांढुरका, मग दिसेनासा. मी तरी दाबून ठेवला. आत कणभरही उरायला नको होतं.

मग घरातून ऐकू आलं, मोठ्यानं, तक्रारीच्या सुरात: "आजी, मला पाणी दे ना. किती वेळ मागतेय."

सासूबाई पोरीला काखोटीला मारून धावत शेडमध्ये आल्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. टकळी बोलत होती. पाण्याबद्दल, उशीबद्दल, आजीच्या घोरण्याबद्दल. मला कुणाकडेही बघवेना. मी नवऱ्याला फोन लावून नुसता तिच्या तोंडासमोर धरला. तो हॅलो, हॅलो करत राहिला आणि तिनं त्याला बोलूच दिलं नाही. शेवटी मी फोन घेतला आणि सांगितलं, भंगारवाल्याला आणू नकोस. रविवारी बिऱ्हाडं हलवायला ये.

गाडी एकदा रस्त्यावर काढून बघायला हवी होती, आणि टाकीचा काटाही तळाला टेकला होता. मी टकळीला शेजारी बसवलं. चढावर ट्रकनं जराही कुरकुर केली नाही. वडील असते तर बॉनेटवर थाप मारून म्हणाले असते, पोरीनं केलं. ते नव्हते, म्हणून मी स्वतःच मनात म्हटलं. टकळीची टकळी चालूच होती. दुकानं, कुत्री, एका माणसाची टोपी, सगळ्यांवर तिचं मत होतं. तळहात झोंबत होता आणि मी अनेक दिवसांत पहिल्यांदा कशालाही भीत नव्हते.

पेट्रोल पंपावर रांग नव्हती. मी गाडी लावली. पंपावरच्या पोरगेल्या माणसानं काचेवर टकटक केली.

"आई, ते बघ," टकळी समोर बोट दाखवून म्हणाली, "कावळा तारेवर..."

"ताई, इंजिन बंद करा," तो माणूस म्हणाला.

मी चावी फिरवली.

पाइपमधून पेट्रोल वाहू लागलं. वाक्य पुरं व्हायची मी वाट पाहिली, मग वळून बघितलं. टकळीचं बोट अजून समोर होतं, तोंड किंचित उघडं, जीभ पुढच्या शब्दावर ठेवलेली. चेहरा शांत. ती माझ्याकडे बघत नव्हती. मोठं माणूस बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे मी तिला शिकवलंय. त्या वेळी ती अशीच बसते, मान जराशी कलती करून.

तारेवरचा कावळा उडाला. तिची नजर हलली नाही. तिनं एकदा मान डोलावली.

त्या माणसानं टाकीचं झाकण लावलं आणि पुढे जा म्हणून हात केला. मी चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं.

"...बसलाय," टकळी म्हणाली, "आणि माझ्याकडेच बघतोय."

तार रिकामी होती. मी गिअर टाकला.

"मग?" मी विचारलं. "पुढे सांग."